होतकरू स्मृती शिष्यवृत्ती

ताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भावोजींचा कधी सुरू व्हायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी केव्हाही गेलो तरी तो सुरू व्हायचाच असायचा.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने अख्खी नोकरी काढली. धुलाईघर तळघरात. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसं बरी करायचे, खाली ताई आणि तिच्या बरोबरीच्या बायका त्या माणसांच्या चादरी बऱ्या करायच्या. वर नाव व्हायचं, खाली वाफ. सकाळचं पहिलं काम गाठोडी सोडायचं. ते कुणालाच नको असायचं, म्हणून ताईकडे असायचं. चादर झटकण्याआधी चाचपायची, कारण तिच्यात काहीही निघायचं. कात्री, सुई, एकदा कवळी. मग रक्ताच्या वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, नुसत्या घामाच्या वेगळ्या. रक्ताला गार पाणी. गरमात घातली की डाग जन्माचा. धुऊन झालं की रोलर. रोलर म्हणजे खांबाएवढं जाड, तापलेलं लोखंडी लाटणं. अलीकडून ओली चादर घालायची, पलीकडून कोरडी ओढायची. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे आणि दोघींचा जोर सारखा पाहिजे. एकीने ढिलाई केली की चादर तिरपी जाते. ताईसमोर उभं राहायला बायका कुरकुरायच्या. "ही बया काही कोपरा सोडत नाही," म्हणायच्या. तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे पट्टे होते. हवालदाराच्या बाहीवर असतात तसे, फक्त ह्या पट्ट्यांना कुणी सलाम ठोकत नाही.

मी फरशी बसवायचो. गुडघे गेले तेव्हा थांबलो. काम कशाला म्हणतात ते मला कळतं. ताईसारखं काम मी फार थोड्यांचं पाहिलं. भावोजींसारखा आळस मात्र कुणाचाच पाहिला नाही.

भावोजींना सगळी आळी 'होतकरू' म्हणायची. लग्न ठरताना त्यांच्या आईने आमच्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलगा कॉलेजात गेलेला आहे. होतकरू आहे." कॉलेजात गेले होते हे खरं होतं. त्यांच्या घराण्यात तिथवर पोचलेला तो पहिलाच माणूस. पण पहिल्याच वर्षी, थंडीही नीट पडली नव्हती तेव्हा, ते घरी परत आले आणि आडवे झाले. हे त्या माउलीने सांगितलं नाही. आमच्या वडिलांनीही विचारलं नाही. गेलेला माणूस परत आला का, हे कोण विचारतं?

लग्नानंतर सगळ्यांना कळलं. भावोजींना काहीही सांगा, उत्तर ठरलेलं.

"भावोजी, नळ गळतोय."

"होतंय. करू."

"भावोजी, त्या गोदामात लिहिण्याची जागा निघालीय. लिहिता-वाचता येणारा माणूस हवाय."

"होतंय. करू."

ह्या 'होतंय, करू'चं 'होतकरू' झालं. आईने दिलेलं विशेषण आळीने नाव म्हणून कायम केलं. माणूस होतकरू असतो तो फार तर पंचविशीपर्यंत. भावोजी साठी उलटली तरी होतकरूच होते. मध्ये दोन नोकऱ्या केल्या त्यांनी, नाही असं नाही. सिनेमाच्या दारात तिकिटं फाडायची होती. ती उभं राहावं लागतं म्हणून सोडली. मग पहारेकऱ्याची मिळाली. तिथे बसून राहावं लागायचं. पडून करायचं काम त्यांना कुणी दिलं नाही, ही जगाची चूक.

ताई दुपारी घरी आली की चहा टाकायची आणि दिवसभराचं सांगत बसायची. कुठल्या गाठोड्यात काय निघालं, कोण कुणाशी भांडलं, रोलर कुठे अडकला. भावोजी पडल्या पडल्या "हं" म्हणायचे. मी एकदा तिला म्हणालो, "ताई, ह्या माणसात तू बघितलंस तरी काय?" ती म्हणाली, "ते ऐकतात." मी म्हणालो, "उशीसुद्धा ऐकते." त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

ते गेले तेही तसेच. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. ताई आली, चहा झाला, दिवसभराचं सगळं सांगून झालं, आणि मधे एकदाही "हं" आला नाही, तेव्हा तिला कळलं.

पुढच्याच वर्षी ताई नोकरीतून सुटली. मूलबाळ नाही. हाती निवृत्तीचे पैसे आले. मी तिला सांगितलं, घराचं छत गळतंय ते करून घे. दात करून घे. कुठेतरी फिरून ये, जन्मात एकदा समुद्र बघ.

"ह्यांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायचीय," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"ह्यांच्या. स्मृती शिष्यवृत्ती. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी."

"ताई, शिष्यवृत्ती हुशारांच्या नावानं ठेवतात. कष्टाळूंच्या नावानं ठेवतात. पैसेवाल्यांच्या नावानं तर ठेवतातच. झोपलेल्याच्या नावानं कोण ठेवतं?"

"मी ठेवते."

"तू चादरी पिळायच्या आणि नाव त्यांचं व्हायचं?"

"धाकट्या, नीट ऐक. त्या घरातनं पहिल्यांदा कुणी कॉलेजात गेलं आणि पहिल्या वर्षातच घरी येऊन पडलं. तसं एक तरी पोर पडायचं थांबलं पाहिजे. एक तरी दुसऱ्या वर्षात गेलं पाहिजे. बाकी छत गळेना का, बादली आहे."

मी तिच्याबरोबर कॉलेजात जायला तयार झालो. पटलं म्हणून नाही. ताईने दात आवळले की बोलण्यात अर्थ नसतो.

कॉलेज तेच निवडलं, ज्यातून भावोजी परत आले होते. आत शिरल्यापासून भिंतीवर मेलेली माणसं. पाण्याच्या टाकीवर एकाचं नाव, जिन्यावर दुसऱ्याचं, पंख्यांच्या पात्यांवर तिसऱ्याचं. पंखा फिरला की ते दिवंगत गरगर फिरत. पुरुषांच्या मुतारीवर एका ठेकेदाराच्या स्मरणार्थ अशी पाटी होती. आतली फरशी मी मुद्दाम बघितली. उतार उलटा दिला होता. पाणी मोरीकडे जायचं सोडून येणाऱ्याच्या बुटाकडे येत होतं. लोकांना त्याचं स्मरण रोज होत असणार.

प्राचार्य गोड माणूस होता. देणगी द्यायला आलेल्या माणसाशी कुठलाही माणूस गोड असतो. बाजूला हेडक्लार्क कागद घेऊन बसले होते.

"दिवंगतांचं कार्य काय होतं?" प्राचार्यांनी विचारलं. "पुस्तिकेत चार ओळी छापाव्या लागतात."

"कार्य काही नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे, समाजकार्य वगैरे?"

"नाही."

"काही छंद? वाचन?"

"पेपर वाचायचे. पडून."

हेडक्लार्क मदतीला धावले. "आपण 'ज्ञानपिपासू' लिहू या का?"

"चहापिपासू लिहा," मी म्हणालो. ताईने टेबलाखालून पाय मारला.

"खोटं काही लिहायचं नाही," ती म्हणाली. "ह्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, पुढे गेले नाहीत, एवढंच लिहा."

प्राचार्यांच्या गळी ते काही उतरेना. मरणोत्तर कुणाला नापास करायची सवय नव्हती त्यांना. शेवटी हेडक्लार्कांनी अटी वाचायला घेतल्या. मूळ रक्कम कॉलेजकडे राहील, व्याजातून शिष्यवृत्ती. पहिल्याच वर्षी लाभार्थी अनुत्तीर्ण झाल्यास रक्कम सर्वसाधारण निधीत जाईल. सर्वसाधारण निधीतून काय होतं, मी विचारलं. सध्या वाहनतळाचं छप्पर व्हायचंय, असं कळलं. म्हणजे पोर नापास झालं की ताईच्या घरावरचं राहिलेलं छत प्राध्यापकांच्या गाड्यांवर चढणार. ताईने ऐकलं आणि मान डोलावली. "चालेल. पास होईल."

हेडक्लार्क पुढे वाचत होते. "सदर शिष्यवृत्ती प्रथम वर्षाच्या गरीब व होतकरू विद्यार्थ्यास..."

"थांबा," ताई म्हणाली. "काय म्हणालात? पुन्हा वाचा."

"गरीब व होतकरू विद्यार्थ्यास."

ताईचे डोळे भरून आले. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अरे, ह्यांचं नाव ह्या लोकांना कुणी सांगितलं?"

मी तोंडावर रुमाल धरला. ताई शाळा फार शिकली नव्हती. होतकरू हा शब्द तिने जन्मभर एकाच माणसाबद्दल ऐकला होता. तिच्या हिशेबी होतकरू म्हणजे जो उठत नाही तो. तिने आनंदाने सही केली. प्राचार्यांनीही आनंदाने केली. दोघांनी एकाच शब्दावर सही केली आणि दोघांना वेगवेगळी माणसं दिसत होती.

हे उघड झालं निवडीच्या दिवशी. कॉलेजने पहिल्या वर्षातली सगळ्यात जास्त गुण मिळवलेली मुलगी आणून उभी केली. वडील हमाल. कपडे साधे, धुतलेले, कडक इस्त्री. ताईची नजर आधी इस्त्रीवर गेली. मग म्हणाली, "किती वाजता उठतेस गं?"

"चारला," मुलगी म्हणाली. "पाणी भरते, अभ्यास करते, मग दोन घरची कामं करून इथे येते."

मला वाटलं झालं. ताईला आरसाच मिळाला. ताई प्राचार्यांकडे वळली. "पोरगी गुणाची आहे. पण ही होतकरू नाही."

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येत असेल. "अहो, हिच्यापेक्षा जास्त होतकरू ह्या कॉलेजात कोणी नाही."

"ही चारला उठते. चारला उठणारं माणूस आपलं आपण बघून घेतं. मला न उठणारा दाखवा."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. प्राचार्यांनी शब्दकोश मागवला. शिपाई कपाटाची किल्ली शोधायला गेला. कोश आला, धूळ झटकली गेली, आणि प्राचार्यांनी बोट ठेवून वाचलं, "होतकरू. ज्याच्या हातून पुढे काही होईल अशी आशा आहे, तो."

"बरोबर," ताई म्हणाली. "मला ह्यांच्याकडून शेवटपर्यंत आशा होती."

कोश मिटला गेला. सही झालेली होती, आणि पैसे परत करायची प्राचार्यांच्या हाताला सवय नव्हती. चारवालीला (मी तिचं नाव हेच ठेवलं) रिकाम्या हाताने वर्गात पाठवलं. जाताना तिने ताईकडे असं बघितलं की मला माझीच मान खाली घालावीशी वाटली. बाहेर आल्यावर मी ताईला वाट्टेल तसं बोललो. "कष्ट करणाऱ्याला हाकललंस आणि कुणा लोळणाऱ्याला देणार? तुझ्या हातांना तरी विचार!" ती म्हणाली, "हात माझे आहेत." विषय संपला.

नवीन सूचना लागली. हजेरी कमी असलेल्या, अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत. झालं. कॉलेजात एकाएकी आळशांचं पीक आलं. त्यातही अभ्यासू आळशी जास्त. अर्ज टाईप केलेले, जोडपत्रांना खुणा लावलेल्या. एकाने वर्गशिक्षकांची शिफारस आणली होती, 'सदर विद्यार्थी अत्यंत निष्काळजी असून त्यात सातत्य आहे.' एक बाप मुलाला घेऊन आला आणि सगळ्यांसमोर सांगू लागला, हा किती नालायक आहे. पोरगं शेजारी अभिमानाने उभं. एका विश्वस्तांचा पुतण्याही होता. त्याचा आळस घराण्यातला होता. गरिबी मात्र नवी, अर्जापुरती शिवलेली.

ताई सगळ्यांना बघत होती. "हे आळशी?" ती म्हणाली. "सकाळी सातपासून रांगेत उभे आहेत!"

मग तिने हेडक्लार्कांना एकच गोष्ट विचारली. अर्ज नेला आणि परत आणून दिला नाही, असं कुणी आहे का? हेडक्लार्क जरा आठवून म्हणाले, "आहे एक मुलगी. पहिल्या दिवशी नेला. नंतर कॉलेजातच दिसली नाही."

"तीच," ताई म्हणाली.

ती एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. खोलीत रबराचा वास. भाऊ मालाची गाडी चालवायचा, तो कामावर गेला होता. दार उघडंच. ऊन चांगलं चढलं होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून आडवी.

"कोण?" तिने तोंड न वळवता विचारलं.

"शिष्यवृत्ती," ताई म्हणाली.

"अर्ज द्यायचा राहिला. देणार होते."

"कधी?"

"होतंय. करते."

ताईने माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता.

मला मात्र खात्री करायची होती. असल्या गोष्टीत शेवटी काहीतरी निघतं, पोरगी बिचारी रात्री राबते वगैरे. मी विचारलं, "रात्रपाळी करतेस का?"

"नाही."

"घरात कुणी आजारी?"

"नाही."

"भावाचा स्वयंपाक करावा लागत असेल?"

"तोच करतो. मलाही तोच वाढतो."

"मग झालंय काय तुला?"

"कंटाळा."

"कसला कंटाळा? खड्डे खणलेस की दगड फोडलेस?"

आता ती उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर उशीची सुरकुती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, पहिल्या दिवशी सर म्हणाले, एवढं तर सगळ्यांना माहीतच असेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं. परत मान हलवली. मग रोजच. घरी आले की भाऊ विचारायचा, कळतंय ना? त्याच्यापुढेपण मान. मला मान हलवायचा कंटाळा आला."

खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. त्याचा पंप खोलीभर घुमत होता.

"विचारायचं ना मग," मी म्हणालो.

"कुणाला? आणि काय? काय कळलं नाही तेच कळत नव्हतं."

परतताना ताई रस्त्याच्या कडेला एका बाकावर बसली. म्हणाली, "ह्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. सर मजकूर सांगायचे, पोरांनी उतरवून घ्यायचा. सर मध्ये मध्ये म्हणायचे, स्वल्पविराम. ह्यांनी तो शब्दच लिहिला. पानभर. जिथं जिथं सर म्हणाले तिथं तिथं स्वल्पविराम, स्वल्पविराम. एकानं वही बघितली आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. सरपण हसले. दुसऱ्या दिवशी हे गेले नाहीत."

"आणि तेवढ्यावर माणूस जन्मभर आडवा राहिला? माझ्या डोक्यात एकदा कारागिराने फरशी ठोकायची थापी घातली होती. मी दुसऱ्या दिवशी कामावर होतो."

"तू तू आहेस."

"आळस तो आळस, ताई."

"असेल," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं, की आळशाला लाज वाटत नाही?"

माझं मत तिथेही बदललं नाही, आजही नाही. लाज वाटली तर उठावं. पण तिला धाप लागली होती, म्हणून वाद तिथेच सोडला.

शिष्यवृत्ती आडवीला (हेही नाव मीच ठेवलं) मिळाली. कॉलेजने समारंभ केला. भावोजींचा एकमेव फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता, त्यातही डोळे अर्धे मिटलेले. प्राचार्यांनी भाषणात त्यांना 'चिंतनशील' म्हटलं. आडवी पाकीट घ्यायला उशिरा आली. ताई खूश.

दुसऱ्या दिवशी चारवाली ताईच्या घरी येऊन थडकली. मी तिथेच होतो. चप्पल काढली, पण बसली नाही.

"मावशी, एक विचारते. मी मेहनत केली हा माझा गुन्हा का?"

"नाही गं."

"मग पाकीट तिला का? ती येते कधी, बसते कुठे, आम्हाला माहीत नाही. मी दोन घरची भांडी घासून येते. मलापण पैसे लागतात. उठले म्हणून मिळाले नाहीत, मग उद्यापासून झोपून राहू?"

"शाबास," मी म्हणालो. इतके दिवस मी जे ताईला सांगत होतो ते ह्या पोरीने एका दमात सांगितलं होतं.

ताईने तिच्यापुढे पाट सरकवला. मग म्हणाली, "नुसत्या पाकिटानं ती उठायची नाही, हे मलापण दिसतंय. पैसे आहेत म्हणून वर्गातलं कळत नाही. तू तिला समजावशील का? फुकट नको. व्याजातला अर्धा भाग तुला, मजुरी म्हणून. भांड्यांचं एक घर सोड."

"मी शिकवू? तिला?"

"शिकवायचं नाही. ती विचारेल ते सांगायचं. पण हसायचं नाही. तेच दहा वेळा विचारलं तरी हसायचं नाही. आणि तिनं नुसती मान हलवली, तर त्या दिवसाचे पैसे तुला नाहीत."

चारवालीने विचार केला. "ती उशिरा आली तर?"

"तुझी मजुरी तू आलीस तेव्हापासून."

हा करार मला आवडला. पहिल्यांदाच ताईच्या पैशांतून कुणाला तरी कामाचे पैसे मिळणार होते.

काम सुरू व्हायलाच अडचण. वाचनालयात बोलायला बंदी. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, तीही कुणाच्या तरी स्मरणार्थ. वर्ग सुटले की कुलूप. आडवीच्या खोलीत टायरचा पंप, चारवालीच्या घरी पाच माणसं. एवढ्या मोठ्या कॉलेजात 'मला कळलं नाही' एवढं वाक्य बोलायला जागा नव्हती. शेवटी कँटीनवाल्याला गाठलं. त्याने मागचं टेबल दाखवलं, भटारखान्याच्या दाराशी, एक पाय आखूड. "रोज तासभर अडवणार असाल तर भाडं पडेल," तो म्हणाला. "आणि चहा घ्यावा लागेल. फुकट बसणारे मला आवडत नाहीत." त्याचं माझं जमलं. टेबलाखाली मी फरशीचा तुकडा घातला, तेव्हा ते डुगडुगायचं थांबलं.

पहिला महिना नुसता वैतागाचा. आडवी दिवसाआड यायची. यायची तेव्हा मान हलवायची. चारवाली ताईला येऊन सांगायची, "आजपण मानच हलवली, आज पैसे नाहीत." ती खोटं बोलून पैसे घेऊ शकली असती. घेतले नाहीत. एक दिवस तिने आडवीला सरळ सांगितलं, "बाई गं, तुझ्या मानेपायी माझं एक घर गेलं. माझ्यावर दया कर आणि काहीतरी विचार!" त्यावर आडवीने पहिला प्रश्न विचारला. प्रश्न इतका साधा होता की चारवालीला हसू आलं. ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं, ठसका लागला. मी शेजारच्या टेबलावर होतो, मी पाहिलं.

मग प्रश्न सुरू झाले. सुरू झाले ते थांबेनात. कँटीनवाला वैतागला. शेजारच्या टेबलावरची पोरं आधी हसली, नंतर खुर्च्या जवळ सरकवू लागली. पाठ फिरवून बसायची, कान इकडे. मान हलवणारे तेही होते. वर्गात सगळेच हलवतात, असं चारवालीने मला सांगितलं. "आजोबा, मीसुद्धा. मी घरी जाऊन चारला उठून शोधून काढते, एवढाच फरक."

प्राचार्यांनी मध्येच ताईला बोलावून घेतलं. खर्चाच्या पावत्या बघून त्यांना घाम फुटला होता. "शिष्यवृत्तीतून चहा? टेबलाचं भाडं? हा शैक्षणिक खर्च कसा दाखवू?"

"जिन्यावर नाव आहे त्या माणसानं जिना चढायला शिकवलं होतं का?" ताई म्हणाली. "दाखवा कसाही."

परीक्षेच्या दिवसांत ताईची झोप उडाली. चारला उठायची सवय होतीच, आता तीनलाच जागी. मला म्हणायची, "नापास झाली तर गाड्यांवर छप्पर होईल रे." मी म्हणायचो, "होऊ दे. आपल्या घरचं तरी कुठे आहे?" पण मलाही झोप नव्हती. ताईने रोलरसमोर घालवलेली वर्षं कुणाच्या मोटारीवर सावली धरतात, हे मला बघवलं नसतं.

निकाल लागला. आडवी पास झाली. काठावर. एका विषयात तर इतकी काठावर की तपासणाऱ्याचा हात जरा हलला असता तर गेली असती. मी म्हणालो, "ताई, हे काही यश नव्हे. वर्षभर दोन माणसं मागे लागली तेव्हा एवढं झालं." ताई म्हणाली, "दुसऱ्या वर्षात गेली ना?" गेली. आळस तसाच आहे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशीही उशिरा पोचली. पण पोचली, आणि ऐकलं ते असं की सरांनी "एवढं तर सगळ्यांना माहीतच असेल" म्हटल्यावर मागून एक आवाज आला, "मला नाही माहीत, सर." वर्ग हसला. ती बसून राहिली, उत्तर येईपर्यंत.

शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती, त्यामुळे आता तिथे नवीन पोरगं आहे. तेही अर्ज द्यायला विसरलेलं. त्याला समजवायला चारवालीच, मजुरी थोडी वाढवून मागून घेतली तिने, बरोबरच केलं. ताईच्या घराचं छत अजून गळतं. समुद्र तिने पाहिला नाही. दात केले नाहीत. तिने चादरी धुऊन मिळवलेल्या पैशांतून शेवटी जे विकत आलं ते एवढंच: कँटीनमधल्या मागच्या टेबलाचं रोज तासभराचं भाडं, चारवालीची मजुरी, आणि दोन कप चहा.